सभागृहाचा हिशेब तासांत

काही महिन्यांपूर्वी एका सार्वजनिक सभागृहाच्या दुरुस्तीबाबत सल्ला देण्यासाठी मला बोलावले होते. नकाशे पाहण्याआधी तिथे भरलेली एखादी सभा मला पाहू द्या, एवढीच अट मी घातली. त्याप्रमाणे एका संध्याकाळी मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजणारे तळहाताएवढे यंत्र शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवले. दालन पंधरा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि पाच मीटर उंच होते. सभा सुरू होण्यापूर्वी यंत्रावर ४३० हा आकडा होता, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४३० भाग. बाहेरच्या मोकळ्या हवेत साधारण इतकेच प्रमाण असते. १२० माणसे येऊन बसली, दारे लावली गेली आणि चाळीस मिनिटांत तोच आकडा १,८०० च्या वर गेला. लोक जांभया देऊ लागले होते. एक बाई कडेवरच्या मुलाला घेऊन बाहेर गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

या इमारतीच्या छपरावर सौरपट्ट्या होत्या, खिडक्यांना दुहेरी काचा होत्या आणि प्रवेशद्वाराशी इमारत पर्यावरणपूरक असल्याचे सांगणारा फलकही होता. त्यातले काहीही खोटे नव्हते. मात्र ही सगळी योजना इमारत रिकामी असतानाच्या हिशेबावर बेतलेली होती आणि माणसे आत आल्यावर काय घडते याचा विचार त्या हिशेबात कुठेच नव्हता. शांत बसलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॉट उष्णता बाहेर पडते. १२० माणसे म्हणजे १२ किलोवॉट, म्हणजेच एकेक किलोवॉटच्या बारा शेगड्या एकाच वेळी पेटवून मधोमध ठेवल्यासारखे. ही उष्णता आणि हा उच्छ्वास दोन तास राहतो आणि मग सगळे घरी जातात. दुसऱ्या दिवशी दालन पुन्हा गार आणि रिकामे.

माणसांनी एकत्र बसण्याच्या जागेचे खरे स्वरूप हेच आहे, आणि घर, कार्यालय किंवा रुग्णालय यांच्यापेक्षा ती वेगळी पडते तीही इथेच. घरात कोणी ना कोणी सतत असते, कार्यालय ठरावीक वेळी भरते आणि ठरावीक वेळी रिकामे होते, पण सभागृह बहुतेक वेळ पूर्ण ओस असते आणि थोडा वेळ खच्चून भरलेले असते. आठवड्याचे तास १६८. मी आजवर ज्या सभागृहांच्या नोंदवह्या चाळल्या आहेत, त्यांतली कितीतरी आठवड्याला सहा-सात तासांपलीकडे वापरली जात नव्हती. म्हणून अशा जागांच्या शाश्वततेचा विचार चौरस मीटरच्या मापाने करणे मला दिवसेंदिवस अपुरे वाटू लागले आहे. माझ्या मते हा हिशेब तासांत करावा, आणि तोही माणसांच्या तासांत.

एक उदाहरण मांडून पाहते. समजा, १५० चौरस मीटरचे एक सभागृह बांधायचे आहे आणि त्याच्या विटा, सिमेंट, पोलाद, काच, वाहतूक हे सगळे धरून प्रत्येक चौरस मीटरमागे ५०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जाणार आहे. म्हणजे उद्घाटनाच्या आधीच ७५ टन खर्ची पडले. ही इमारत पन्नास वर्षे टिकली आणि आठवड्याला सहा तास, सरासरी चाळीस माणसांनी वापरली, तर पन्नास वर्षांत ६ लाख २४ हजार माणूस-तास होतात. एका माणसाच्या एका तासामागे १२० ग्रॅम पडतात. आता साहित्यात कसोशीने बदल करून बांधकामातला कार्बन ४० टक्क्यांनी कमी केला, तर हा आकडा ७२ ग्रॅमवर येतो. हे यश मोठे आहे आणि त्यासाठी वास्तुरचनाकार वर्षानुवर्षे झटतात. पण तीच इमारत, एक वीटही न बदलता, आठवड्याला चाळीस तास सरासरी पंचवीस माणसांनी वापरली, तर माणूस-तास २६ लाख होतात आणि आकडा २९ ग्रॅमपर्यंत खाली येतो. वापर वाढला की वीज आणि पाणी अधिक लागते हे खरे, परंतु इमारत मुळात हवा-उजेडाने चालणारी असेल तर ही वाढ माफक राहते. शिवाय ती माणसे इथे आली नसती तर आणखी कुठल्या तरी छपराखाली बसलीच असती, कदाचित त्यांच्यासाठी वेगळे बांधलेल्या छपराखाली.

हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा माझ्या कामाची दिशाच बदलली. तोवर मला वाटे की साहित्य आधी आणि वापर नंतर. वापर हा जणू व्यवस्थापनाचा विषय. आता मी उलट क्रमाने विचारते: ही जागा दिवसाच्या अधिकाधिक तासांत वापरावीशी कशामुळे वाटेल, आणि कशामुळे वाटणार नाही?

त्याच्याही आधीचा प्रश्न असा की, इमारत हवी आहे का? फ्रान्समधल्या बोर्दो शहरात लिओं ओकोक नावाचा एक छोटा चौक आहे. चहूबाजूंनी घरे, मध्ये झाडे, झाडांखाली बाके. १९९६ मध्ये तो सुशोभित करण्याचे काम ॲन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल या वास्तुरचनाकारांकडे आले. त्यांनी चौकाचे बारकाईने निरीक्षण केले, तिथल्या रहिवाशांशी बोलले आणि कळवले की चौक आहे तसाच सुंदर आहे, इथे नवे काही बांधण्याची गरज नाही. जमिनीवरची खडी बदला, झाडांची निगा राखा, साफसफाई वरचेवर करा, एवढेच त्यांनी सुचवले. याच दोघांना २०२१ मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळाले, जे वास्तुकलेतले सर्वोच्च सन्मान मानले जाते. न बांधण्याचा सल्ला द्यायला धैर्य लागते, कारण आमच्या व्यवसायात मोबदला बहुधा बांधकामाच्या खर्चावर ठरतो. तरीही एकत्र बसण्याच्या जागांबाबत हा सल्ला फार वेळा योग्य असतो, असे माझे प्रामाणिक मत आहे. झाडाची सावली, वाऱ्याच्या वाटेवरचा ओटा, जवळ पिण्याचे पाणी आणि रात्रीचा पुरेसा उजेड एवढ्यावर पुष्कळ सभा होऊ शकतात.

पण ऊन, पाऊस, थंडी आणि गोंगाट यांपासून आडोसा हवाच असेल, तर पहिला विचार हवेचा करावा.

हवा यंत्राशिवाय खेळवण्याचे तत्त्व सोपे आहे. माणसांच्या अंगाच्या उष्णतेने हवा तापते, हलकी होऊन वर चढते, छपराजवळच्या झरोक्यांतून बाहेर पडते आणि तिच्या जागी खालच्या खिडक्यांतून गार हवा आत येते. शाळेच्या पुस्तकात हे चित्र बाणांसह काढलेले असते आणि ते इतके सहज वाटते की आम्ही त्यावर नको तितका विश्वास ठेवतो. ती हवा ढकलणारा दाब किती असतो, हे मी एकदा मोजून पाहिले. खालची खिडकी आणि वरचा झरोका यांच्यात सहा मीटरचे अंतर असेल आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा पाच अंशांनी गरम असेल, तर तो दाब किती? टेबलावर ठेवलेला छपाईचा साधा कागद टेबलावर जेवढा दाब टाकतो, त्याच्या जेमतेम दीडपट. दीड कागदाचा भार. ताशी दहा किलोमीटरच्या मंद वाऱ्याचा दाबही याच्या जवळपास चौपट असतो. परंतु सभेच्या वेळी वारा असेलच याची हमी नसते, म्हणून योजना या दीड कागदाच्या भरवशावरच करावी लागते.

एवढ्या नाजूक जोरावर १२० माणसांची हवा हलवायची, तर वाटा मोठ्या आणि मोकळ्या हव्यात. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी वरचे झरोके व्यवस्थित आकारमानाचे दिले होते. पुढे डासांसाठी त्यांना बारीक जाळी बसवली गेली, त्या जाळीत दोन वर्षांत धूळ आणि कोळिष्टके साठली आणि झरोके असूनही हवा जागची हलेना. जाळी लागणार हे मला आधीच कळायला हवे होते. तेव्हापासून जाळी धरून जेवढे क्षेत्रफळ हिशेबाने येते त्याच्या दुप्पट झरोके मी मागते आणि ते साफ करण्यासाठी माणूस तिथवर सुरक्षितपणे कसा पोहोचेल, तेही नकाशातच काढून ठेवते. शिडी लावल्याशिवाय जिथे हात पोहोचत नाही, ते साफ होत नाही. दोरी किंवा दांड्याने जमिनीवरून उघडता येतील अशा झडपा असल्या, तर लोक त्या खरोखर उघडतात.

छपराचा प्रश्न याला जोडूनच येतो. बुर्किना फासो या देशातल्या गांडो गावी दिएबेदो फ्रान्सिस केरे यांनी बांधलेली प्राथमिक शाळा २००१ मध्ये पूर्ण झाली. तिथले छप्पर मी अनेकदा आराखड्यांतून अभ्यासले आहे. पत्रा स्वस्त, हलका आणि पावसात टिकाऊ. मात्र तो भिंतींवर थेट ठेवला की खोलीची भट्टी होते. केरे यांनी खोलीवर आधी फटी ठेवून विटांचे छत घातले आणि पत्रा त्याच्यापासून बराच उंच, सळ्यांच्या हलक्या कैच्यांवर, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या सांगाड्यांवर, उचलून धरला. पत्रा तापतो, पण त्याच्या आणि छताच्या मधून वारा वाहत राहतो, ती उष्णता तो घेऊन जातो आणि खालच्या खोलीतली गरम हवाही विटांच्या फटींतून वर ओढली जाते. कडेने पुढे आलेला पत्रा मातीच्या भिंतींना उन्हापावसापासून जपतो. म्हणजे एकाच छपराने सावली, वारा आणि भिंतीचे आयुष्य अशी तीन कामे होतात, आणि कैच्या गावातल्या माणसांना हाताने उचलून बसवता येतील इतक्या हलक्या असल्याने त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. केरे यांना २०२२ मध्ये प्रित्झकर मिळाले. ते मिळवणारे ते पहिले आफ्रिकी वास्तुरचनाकार.

माली देशातल्या दोगोन लोकांची ‘तोगुना’ नावाची बैठकीची जागा तर याहून साधी आहे. चहूबाजूंनी उघडी, आणि वर बाजरीच्या धाटांचे थरांवर थर रचलेले जाडजूड छप्पर. छप्पर मुद्दाम इतके खाली ठेवतात की आत ताठ उभे राहता येत नाही. भांडण वाढून कोणी तावातावाने उठू नये हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. मला त्यात आणखी एक शहाणपण दिसते: जागा बसण्यासाठी आहे, तर बसण्यापुरतीच बांधली आहे.

जाड भिंती दिवसाची उष्णता शोषून रात्री सोडतात, हे सर्वांना माहीत असते. सभेच्या दोन तासांच्या उष्णतेच्या लाटेलाही त्या चांगल्या आवरतात. पण ज्या प्रदेशांत रात्रीही उकाडा आणि दमटपणा उतरत नाही, तिथे जाड भिंत साठवलेली उष्णता सोडणार कुठे? तिथे हलके बांधकाम, खोल सावली आणि आरपार वारा हेच बरे. शाश्वत वास्तूचे एकच रूप सगळीकडे नेऊन ठेवणे चुकीचे आहे, एवढे या बाबतीत पुरे.

आता मला आवाजाबद्दल सविस्तर लिहायचे आहे, कारण शाश्वत वास्तुकलेच्या चर्चेत तो जवळजवळ येतच नाही आणि सभागृहे ओस पडण्याचे ते एक मोठे कारण आहे.

१८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठात फॉग संग्रहालयाचे नवे व्याख्यान-दालन बांधून झाले, तेव्हा त्यात वक्त्याचे बोलणे कोणालाही समजेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राही आणि तेवढ्या वेळात पुढचे दहा-पंधरा शब्द त्यावर येऊन आदळत. वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे हे कोडे सोपवले गेले. जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री आणून, त्या दालनात कमी-अधिक ठेवून, त्याने घुमण्याचा काळ मोजला आणि त्यातून एक सूत्र काढले. दालनाचे घनफळ जेवढे मोठे, तेवढा आवाज अधिक काळ घुमतो. आवाज शोषणारे पृष्ठभाग जेवढे जास्त, तेवढा कमी. आजही आम्ही तेच सूत्र वापरतो.

मी पाहिलेल्या त्या सभागृहाला हे सूत्र लावू. घनफळ ७५० घनमीटर. भिंती, फरशी आणि छत सगळे टणक आणि गुळगुळीत: काँक्रीट, चकचकीत फरशी, काच. रिकाम्या दालनात आवाज सात सेकंदांहून अधिक घुमतो. १२० माणसे बसली की त्यांची शरीरे आणि कपडे आवाज शोषतात आणि तो काळ पावणेदोन सेकंदांपर्यंत येतो. बोलणे जरा कष्टाने का होईना, समजते. पण तीसच माणसे आली तर? मग हा काळ चार सेकंदांच्या घरात राहतो. चार सेकंद घुमणाऱ्या खोलीत वाचनवर्ग, बचत गटाची बैठक, मुलांची शिकवणी किंवा वृद्धांच्या गप्पा होऊच शकत नाहीत. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला तर तिथे बसणे ही शिक्षाच असते. लहान गट एकदा येतात, दुसऱ्यांदा येतात आणि मग येईनासे होतात, आणि का येईनासे झाले हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. ‘तिथे बरं वाटत नाही’ एवढेच ते म्हणतात. मग इमारत मोठ्या समारंभांपुरती उरते, आणि वर मांडलेला तासांचा हिशेब कोसळतो.

यात शाश्वत रचनेची स्वतःचीच एक अडचण आहे. उष्णता शोषण्यासाठी आम्ही वीट, काँक्रीट, माती उघडी ठेवतो. ती झाकली तर तिचा उपयोग संपतो. पण तोच उघडा टणक पृष्ठभाग आवाज परतवतो. यावर तोड निघते, मात्र ती आराखडा करतानाच काढावी लागते. सगळे छत झाकण्याऐवजी त्याखाली आवाज शोषणाऱ्या पट्ट्या उभ्या टांगल्या, तर दोन पट्ट्यांच्या मधून हवा काँक्रीटला स्पर्श करत राहते. वक्त्यासमोरची मागची भिंत, जिच्यावरून आवाज सर्वाधिक परततो, ती लाकडाच्या धाग्यांचे दाबलेले फलक, बोरूच्या चटया किंवा जाड कापड यांनी मढवता येते. वरच्याच दालनात असे पन्नास चौरस मीटर चांगले शोषक पृष्ठभाग घातले, तर रिकाम्या खोलीत घुमण्याचा काळ सातवरून साधारण दोन सेकंदांवर येतो आणि भरलेल्या खोलीत एकावर. बोलण्यासाठी एक सेकंद उत्तम. या कामाचा खर्च सौरपट्ट्यांच्या तुलनेत मामुली असतो, तरी त्यासाठी अंदाजपत्रकात रकाना नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

साहित्याविषयी आता लिहिते. सिमेंट तयार करताना चुनखडी भट्टीत भाजतात आणि त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा अर्ध्याहून अधिक भाग इंधनातून नव्हे, तर त्या दगडातूनच बाहेर पडतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो टळत नाही. जगात माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के सिमेंटमुळे जातो. म्हणून सिमेंट जिथे अपरिहार्य आहे, म्हणजे पाया, जोते, ओलीचा संबंध येणारे भाग, तिथेच वापरावे. भाजलेली माती आणि चुनखडीची भुकटी मिसळून केलेले सिमेंट आता उपलब्ध होत आहे, त्यामुळे हे ओझे ४० टक्क्यांपर्यंत घटू शकते. लाकूड वाढताना हवेतला कार्बन घेते, एका घनमीटर कोरड्या लाकडात साधारण ९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका. पण ही साठवण ते लाकूड कुजेपर्यंत किंवा जळेपर्यंतचीच असते आणि तोडलेल्या झाडाच्या जागी नवे झाड वाढले तरच तिला अर्थ आहे. बांबू तीन ते पाच वर्षांत बांधकामायोग्य होतो. त्याला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवले नाही तर कीड तो पोखरते, आणि मुरवूनही जमिनीपासून वर आणि पावसापासून आत ठेवला नाही तर तो टिकत नाही. मातीचेही तसेच. उंच जोते आणि पुढे आलेले छप्पर नसेल, तर मातीची भिंत बांधू नये.

बांगलादेशातल्या रुद्रपूर गावी ॲना हेरिंगर यांनी आयके रोस्वाग यांच्यासह मातीच्या जाड भिंतींवर बांबूचा मजला चढवून शाळा बांधली, तिला २००७ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. मला त्या गावातली त्यांची नंतरची ‘आनंदालय’ ही इमारत अधिक भावते. अपंग व्यक्तींसाठीचे उपचार-केंद्र असलेल्या या दोन मजली मातीच्या वास्तूत वरच्या मजल्यावर नेणारा उतरता मार्ग इमारतीभोवती वळत जातो आणि तोच तिचे मुख्य रूप ठरतो. चाकांच्या खुर्चीसाठीचा मार्ग मागच्या बाजूला नाइलाजाने जोडलेला नाही. ज्या सभागृहात गावातली काही माणसे शिरूच शकत नाहीत, त्याच्या माणूस-तासांतून ती माणसे कायमची वजा होतात. म्हणून मी या मार्गालाही शाश्वततेचाच भाग मानते.

टिकण्याचा अर्थ एकाच जागी उभे राहणे असाही नाही. १९९५ च्या भूकंपानंतर जपानमधल्या कोबे शहरात शिगेरू बान यांनी कागदाच्या ५८ नळकांड्यांच्या खांबांवर एक प्रार्थनागृह आणि सभास्थान उभारले. स्वयंसेवकांनी ते काही आठवड्यांत बांधले. तात्पुरते म्हणून बांधलेले हे सभास्थान दहा वर्षे वापरात राहिले. २००५ मध्ये ते सुटे करून तैवानला पाठवले गेले आणि तिथल्या भूकंपग्रस्त ताओमी गावात २००८ मध्ये पुन्हा उभे राहिले. खिळ्याऐवजी बोल्ट, चिकटवण्याऐवजी सांधे, असे निर्णय आराखड्याच्या टप्प्यावर किरकोळ वाटतात, पण वास्तूला दुसरा जन्म मिळतो तो त्यांच्यामुळेच.

आणि निगा? मालीतल्या जेन्ने शहराची भव्य मशीद मातीची आहे. आजची वास्तू १९०७ ची. दरवर्षी पावसापूर्वी गवंड्यांच्या नेतृत्वाखाली अख्खे शहर तिला नवा मातीचा गिलावा चढवते. भिंतींतून बाहेर डोकावणारे ताडाचे वासे शोभेसाठी तर आहेतच, पण गिलावा करणाऱ्यांना चढण्यासाठी कायमची परांचीही तेच आहेत. या वास्तूत दोष पाहायचाच तर ती दरवर्षी दुरुस्त करावी लागते. मला मात्र असे वाटते की लोकांना एकत्र आणणाऱ्या वास्तूला लोकांनी एकत्र येऊन जपावे लागणे हे तिच्या उद्देशाशी सुसंगतच आहे. अट एवढीच की दुरुस्तीचे ज्ञान आणि साहित्य त्यांच्या हाताशी हवे. बाहेरून तंत्रज्ञ आल्याशिवाय जी झडप उघडत नाही, ती पाच वर्षांनी कायमची बंद झालेली मी पाहिली आहे.

पावसाच्या पाण्याचा हिशेब सरळ आहे: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सभागृहाचे छप्पर मोठे आणि तिथला रोजचा पाण्याचा वापर कमी, म्हणून हे पाणी परिसराला देता येते. सेनेगलमधल्या सिंथियन गावात तोशिको मोरी यांनी बांधलेल्या कला-केंद्राचे छप्पर याच हेतूने आतल्या बाजूला उतरते केले आहे आणि गावाच्या घरगुती पाण्याचा मोठा वाटा ते गोळा करू शकते.

मग त्या पहिल्या सभागृहाचे काय केले? नवे बांधकाम जवळजवळ काहीच नाही. छपराच्या कडेने बंद करून टाकलेले झरोके मोकळे केले आणि त्यांना जमिनीवरून ओढता येतील अशा दोऱ्या बसवल्या. मागची भिंत लाकडी धाग्यांच्या फलकांनी मढवली, छताखाली पट्ट्या टांगल्या. मधोमध जाड सरकता पडदा आला, त्यामुळे पंधरा माणसांना अर्धेच दालन घेऊन बसता येते आणि अर्धेच दिवे लावता येतात. एका कोपऱ्यात दार असलेली साठवणीची खोली काढली, कारण खुर्च्या, चटया आणि खेळाचे सामान ठेवायला जागा नसल्यामुळेच दोन गटांनी तिथे येणे सोडले होते. शेवटचा मुद्दा किल्लीचा. ती एकाच माणसाकडे असे आणि तो गावाला गेला की सभागृह बंद. आता किल्ल्या चार जणांकडे आहेत आणि दारावर त्यांची पाळी लिहिलेली असते.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा शेवटच्या रांगेत बसून यंत्र ठेवले. ११० माणसे, वरच्या झडपा उघड्या, दारे अर्धी लोटलेली. दीड तासाने आकडा हजाराच्या किंचित खाली होता आणि वक्त्याने ध्वनिक्षेपक बाजूला ठेवला होता. निघताना मी नोंदवही पाहिली. पूर्वी आठवड्याला सहा तास भरत, आता एकोणीस भरतात. सकाळच्या वेळा अजून कोऱ्या आहेत. पूर्वेच्या खिडक्यांतून येणारे कोवळे ऊन नऊपर्यंत थेट डोळ्यांवर येते आणि तिथे बाहेरून सावलीची सोय नाही. त्या खिडक्यांची मापे मी घेऊन आले आहे.